तळचा सूर वर येतो

जुन्या हिंदी चित्रपटगीतांवर वाढलेल्या प्रत्येक मराठी घराने चेलो ऐकलेला आहे. आपण चेलो ऐकतोय हे बहुतेकांना ठाऊक नसतं, इतकंच. गायिका ओळ संपवून श्वास घेते, व्हायोलिनं वर चढत जातात आणि त्याच वेळी खालून एक भरदार, किंचित घोगरा सूर सरकत येऊन तिच्या ओळीला उत्तर देतो. तो चेलो. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायिकेचं, संगीतकाराचं, गीतकाराचं नाव छापलेलं असे. त्या सुराच्या धन्याचं नाव मात्र सहसा कुठेच नसे.

साडेचारशे वर्षांहून जुन्या या वाद्याची कहाणी अशीच आहे. युरोपात चेलो जन्मला तो दुसऱ्यांना आधार द्यायला, आणि भारतात आला तोही आधार द्यायलाच. दोन्हीकडे त्याला स्वतःचं बोलणं सापडायला वेळ लागला आणि ते सापडलं काही हट्टी माणसांमुळे. आज चेलोच्या एकल मैफलीत बाखच्या शेजारी तबल्यासह वाजणारी रागाधारित नवी रचना ऐकू येते, तेव्हा ती जोडणी नवलाची वाटते. वाद्याचा इतिहास पाहिला, तर या दोन परंपरा इथे भेटणं किती स्वाभाविक होतं ते कळतं.

इटलीतल्या क्रेमोना गावी सोळाव्या शतकाच्या मध्यावर आंद्रेआ आमाती व्हायोलिनच्या कुळातली वाद्यं घडवत होता. त्याने घडवलेला, पुढे फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या राजचिन्हांनी रंगवलेला चेलो ‘किंग’ या नावाने ओळखला जातो आणि आज अमेरिकेत, साउथ डकोटातल्या व्हर्मिलियन इथल्या संगीत-संग्रहालयात आहे. त्या काळचे चेलो आकाराने आजच्याहून मोठे असत. कारण साधं होतं. तार म्हणजे जनावराच्या आतड्यापासून वळलेली तात. तिच्यातून खर्ज काढायचा, तर ती फार लांब तरी हवी, नाही तर फार जाड. जाड तात गजाला लवकर दाद देत नाही आणि लांब तारेवर बोटं पोचत नाहीत. असं अवजड वाद्य खालचे सूर धरून ठेवायला ठीक, पण त्यावर चपळ तान घेणं अवघड.

ही अडचण सुटली ती 1660च्या सुमारास बोलोन्या शहरात. तातीवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती तिथे रूढ झाली. धातूमुळे तारेचं वजन वाढलं, त्यामुळे ती बारीक आणि आखूड ठेवूनही खर्ज मिळू लागला. मग वाद्याचं अंगही आटोपशीर झालं. ‘व्हायोलोंचेलो’ हा शब्द छापील स्वरूपात दिसतो तो 1665च्या एका संगीतपुस्तकात, म्हणजे त्याच सुमाराला. शब्दाची फोड गमतीची आहे. ‘व्हायोलोने’ म्हणजे थोरलं व्हायोल आणि ‘चेलो’ हा लघुत्व दाखवणारा प्रत्यय. ‘धाकटं थोरलं वाद्य’ असा त्याचा अर्थ झाला, आणि आपण त्यातला नुसता प्रत्यय उचलून वाद्याला हाक मारतो.

बोलोन्यातलं सान पेत्रोनिओ हे चर्च अतिविशाल. तिथे काढलेला सूर कितीतरी वेळ घुमत राहतो. या चर्चच्या वाद्यवृंदात दोमेनिको गाब्रिएल्ली चेलो वाजवत असे. शहराच्या बोलीत त्याला ‘चेलोवाला मिंगाइन’ म्हणत. 1689मध्ये त्याने एकट्या चेलोसाठी सात ‘रिचेर्कार’ लिहिले. ‘रिचेर्कार’ म्हणजे शोध. सोबतीला कुणी नाही, वर गायक नाही, खाली ऑर्गन नाही, अशा स्थितीत हे वाद्य काय काय बोलू शकतं याचा तो शोध होता. पुढच्याच वर्षी, चाळिशी गाठण्याआधीच, गाब्रिएल्ली वारला. पण तळाला ठेवलेलं वाद्य एकटंही बोलू शकतं, हे त्याने कागदावर उतरवून ठेवलं होतं.

बाकीचे चेलोवादक मात्र तळातच होते. त्या काळच्या, म्हणजे बरोक संगीताची बांधणीच तशी होती. वर सुरावट, खाली अखंड चालणारा खर्ज. या खर्जाला ‘बासो कंटिन्युओ’ म्हणत. संगीतकार फक्त खालची ओळ लिही आणि तिच्यावर आकडे घाली. हार्पसिकॉर्डवाला ते आकडे पाहून वरचे स्वर ऐन वेळी भरी. मुख्य वादकही छापलेली सुरावट जशीच्या तशी वाजवत नसे. संथ भागात हरकती, मुरक्या, स्वरांची भर त्याने स्वतः घालायची आणि त्यावरूनच त्याचा वकूब ठरायचा. हे वाचताना आपल्याकडच्या श्रोत्याला बंदिश आणि तिचा विस्तार आठवेल. एकोणिसाव्या शतकात युरोपने ही सवय बरीचशी सोडली आणि लिहिलेला प्रत्येक स्वर पवित्र मानला. आजच्या मैफलीत बरोक आणि राग शेजारी बसतात, त्यामागे ही जुनी, मधल्या काळात विसरलेली मोकळीक आहे.

1717 ते 1723 या काळात योहान सेबास्टियन बाख जर्मनीतल्या कोथेन या छोट्या संस्थानात दरबारी संगीतप्रमुख होता. तिथला राजा कॅल्व्हिन पंथाचा. त्या पंथाच्या उपासनेत भरजरी संगीताला जागा नव्हती, म्हणून बाखचा वेळ वाद्यसंगीताकडे वळला. 1720च्या सुमारास त्याने एकट्या चेलोसाठी सहा ‘स्वीट’ रचले. प्रत्येकात सहा भाग, एकूण 36. बहुतेक भागांना नृत्यांची नावं आहेत. बाखच्या हातची प्रत हरवली. ज्या जुन्या प्रतींवरून हे संगीत आपल्यापर्यंत पोचलं, त्यांतली एक त्याची बायको आना माग्दालेना हिच्या हातची आहे.

बाखची करामत अशी, की एकाच ओळीत तो अनेक आवाजांचा भास उभा करतो. पहिल्या स्वीटच्या सुरुवातीला खालची मोकळी तार पुन्हा पुन्हा वाजत राहते आणि वरचे स्वर तिच्याभोवती बदलत जातात. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला ही मांडणी ओळखीची वाटते. सहाव्या स्वीटमधल्या गावोत नावाच्या एका नृत्यभागात तर मशकवाद्यासारखा एक सूर खाली लांबवर धरलेला आहे. पाचव्यातली साराबांद ही नृत्यरचना याच्या अगदी उलट. तीत दोन स्वर एकत्र कुठेच नाहीत, खाली आधार नाही, फक्त एकेक सूर शांततेत ठेवत गेलेली ओळ.

हे संगीत पहिल्यांदा छापलं गेलं ते 1824मध्ये, पॅरिसला, बाखच्या मृत्यूनंतर पाऊण शतकाने. त्यानंतरही ते बहुतांशी सरावाचे धडे म्हणूनच वापरात राहिलं. 1890मध्ये बार्सिलोनात बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात पाब्लो कासाल्स या 13 वर्षांच्या चेलोवादकाच्या हाती त्याची एक प्रत लागली. त्याने अनेक वर्षं ते घोकलं आणि मगच लोकांसमोर वाजवलं. 1936 ते 1939 दरम्यान त्याने सहाही स्वीट ध्वनिमुद्रित केले आणि चेलो एकटा मैफल करू शकतो हे जगाला पटलं. गाब्रिएल्लीच्या शोधानंतर अडीचशे वर्षांनी.

भारताशी या कुळातल्या वाद्यांची ओळख त्याआधीच झाली होती. गोव्यात पोर्तुगीज सत्ता आली 1510मध्ये. सोळाव्या शतकातच तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना गायन, स्वरलिपी आणि वाद्यं शिकवली जाऊ लागली. पोर्तुगीजांची ‘रबेका’ म्हणजे व्हायोलिन कोकणीत ‘रेबेक’ होऊन रुजली, आणि पिढ्यानपिढ्या गावोगावच्या मेस्तांनी, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकांनी, स्वरलिपी वाचणारे वादक घडवले. कोलकात्यात 1789मध्ये विल्यम हॅमिल्टन बर्ड या आयरिश संगीतकाराने हिंदुस्थानी चालींचं एक पुस्तक छापलं. इथल्या गायिकांकडून ऐकलेल्या सुरावटी त्याने हार्पसिकॉर्डवर बसवल्या आणि प्रत्येकीच्या खाली युरोपीय पद्धतीचा खर्ज घातला. चाल इथली, तळ तिथला अशी ही सुरुवातीची जोडणी.

त्याच काळात दक्षिणेत याहून खोल घडामोड चालू होती. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी आपल्या 1798 ते 1832 या कारकिर्दीत दरबारी पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंद ठेवला आणि स्वतःही त्या संगीताचा अभ्यास केला. मद्रासजवळ मणली इथे बालुस्वामी दीक्षितर यांनी एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकून घेतलं आणि ते कर्नाटक संगीतात आणलं. वादकाने मांडी घातली, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवलं, तारा षड्ज-पंचमात लावल्या आणि वाद्य इथलं झालं. पुढे उत्तरेतही गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार अशा मराठी वादकांनी व्हायोलिनवर ख्याल गाऊन दाखवला.

चेलोच्या वाट्याला मात्र हे भाग्य लवकर आलं नाही. वाद्य मोठं; त्याची मोकळी तार सुमारे 69 सेंटिमीटरची, म्हणजे व्हायोलिनच्या दुपटीहून लांब. एकोणिसाव्या शतकात युरोपात त्याला खाली टेकायची सळई बसली आणि खुर्चीशिवाय ते वाजवणं अवघड झालं. शिवाय इथे त्याची जागा रिकामी नव्हती. गळ्याच्या पट्टीत साथ करायला सारंगी आणि हार्मोनियम होतं, तळाचा सूर तानपुरा सांभाळत होता.

गंमत अशी, की चेलोच्या तारेतला भारतीय सूर आधी ऐकू आला तो पॅरिसमध्ये. फ्रेंच संगीतकार राव्हेलचा शिष्य मोरिस दलाज 1912मध्ये भारतात हिंडून गेला. परतल्यावर त्याने ‘चार हिंदू कविता’ या नावाची गायिका आणि छोट्या वाद्यमेळासाठीची रचना पूर्ण केली. तिच्या भागांना मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर अशी नावं आहेत. 14 जानेवारी 1914 रोजी पॅरिसला तिचा पहिला प्रयोग झाला. ‘लाहोर’ हा भाग चेलोने उघडतो. वादक गज बाजूला ठेवून तार बोटाने छेडतो आणि तेच बोट तारेवरून सरकवत मींड काढतो. इमदाद खान यांच्या तंतुवादनाच्या ध्वनिमुद्रिका दलाजने बारकाईने ऐकल्या होत्या आणि हा भाग त्यांवर बेतलेला आहे, असं संगीत-अभ्यासक जॅन पास्लर यांनी दाखवून दिलं आहे. इथल्या उस्तादाच्या मींडेसाठी तिथल्या रचनाकाराला आपल्या मेळातून नेमका चेलो सुचला. त्याच्या लांब तारेवर पडदे नाहीत. दोन स्वरांमधलं अंतर तिथे हाताने मोजावं लागतं आणि बोटाला वाटेतल्या प्रत्येक श्रुतीवरून जाता येतं.

मुंबईत या सगळ्या वाटा एकत्र आल्या. 1934मध्ये वॉल्टर काउफमान हा तरुण ज्यू संगीतकार प्राग सोडून मुंबईत उतरला. युरोपात नाझींची छाया पसरत होती. इथल्या रागसंगीताच्या रेकॉर्ड त्याने ऐकल्या तेव्हा त्याला त्यातलं काहीच उमगलं नाही; पण हे संगीत कोट्यवधींना प्रिय आहे, तर उणीव आपल्याच कानात असणार, असं मानून तो शिकायला बसला. काही महिन्यांतच त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम होई. पियानोवर काउफमान, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर इटालियन वादक एजिडिओ वेर्गा. 1937च्या मध्यापर्यंत या सोसायटीचे शंभराहून अधिक कार्यक्रम झाले होते. आकाशवाणीच्या सकाळच्या त्या ओळखीच्या धूनचं श्रेयही काउफमानला दिलं जातं. खाली तानपुरा, वर व्हायोलिन, अशी तिची बांधणी, आणि कित्येक पिढ्यांची सकाळ तिच्यावर उजाडली.

मेहली मेहतांनी 1935मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात पारशी होते, युरोपीय होते, आणि मोठ्या संख्येने गोवेकर होते. गोव्याच्या या वादकांना सिंफनीत मान मिळे, पोट भरे ते हॉटेलांतल्या बँडवर आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर. चित्रपटसंगीतात चेलोला जागा मिळाली ती याच माणसांमुळे. त्यांना नोटेशन वाचता येई आणि अरेंजर रात्रीतून लिहून आणेल ते सकाळी पहिल्याच वाचनात वाजवता येई. फाळणीनंतर लाहोरहून मुंबईला आलेले सेबास्टियन डिसूझा हे शंकर-जयकिशन यांचे अरेंजर. मूळ चालीला छेद न देता तिच्या खालून दुसरी सुरावट वाहत ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ती सुरावट चेलोला शोभे. बाई वर गात असताना चेलो तिच्या सुरांना न झाकता बोलू शकतो, कारण त्याचा आवाज तिच्या खालच्या अंगाने चालतो. बरोकमधला खर्ज इथे सुटून मोकळा झाला आणि प्रेमगीतात दुसरं पात्र बनला.

राहुल देव बर्मन यांच्या ‘बासू-मनोहारी’ या अरेंजर जोडीतले बासू चक्रवर्ती तर स्वतः चेलोवादक. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांना याच्याही पुढे जायचं होतं. रागांवर आधारलेलं संगीत पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहावं आणि ते सिनेमाबाहेर, मैफलीत वाजावं, ही त्यांची आस. 1958मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभराहून अधिक वादकांचा मेळ उभा केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. पदरमोड करून मांडलेला हा डाव फार काळ टिकला नाही. पण रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये दुसऱ्यांच्या चाली सजवणाऱ्या माणसाने स्वतःचं स्वप्न स्वतःच्या नावाने लोकांसमोर ठेवलं, ही गोष्ट मुंबईच्या संगीताच्या इतिहासात ठळकपणे लिहिली जायला हवी.

मेहली मेहतांचा एक शिष्य होता जॉन मेयर, कोलकात्याचा. 1952मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या रॉयल अकादमीत गेला. तिथल्या नामांकित ऑर्केस्ट्रांमध्ये त्याने व्हायोलिन वाजवलं आणि उरलेल्या वेळात राग, ताल आणि पाश्चात्त्य रचनातंत्र यांचा मेळ घालत लिहीत राहिला. सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरच्या त्याच्या ‘इंडो-जॅझ’ प्रयोगांचं नाव झालं. चेलो आणि पियानोसाठीही त्याने एक रचना केली. तिचं नाव ‘प्रबंध’. ख्यालाच्या आणि ध्रुपदाच्याही आधीच्या गानप्रकाराचं हे नाव मुद्दाम निवडलेलं. मेयरचं चेलोसंगीत ज्याने आपलंसं केलं, तो रोहन डी साराम हा शेफिल्डला जन्मलेला, सिलोनी आईबापांचा मुलगा. त्याच्या गुरूंमध्ये स्वतः कासाल्स होते. पुढे त्याने आर्दित्ती या तंतुवाद्यांच्या चौकडीत पंचवीसेक वर्षं अवघडातलं अवघड नवं युरोपीय संगीत वाजवलं, आणि त्याच हातांनी तो श्रीलंकेतला कँडी परंपरेचा ढोलही वाजवी. बार्सिलोनाच्या दुकानातून निघालेली एक वाट आणि मुंबईतून निघालेली दुसरी, या दोघांच्या हातून एकत्र आली.

त्याहून मोठं पाऊल टाकलं गेलं ते गुरूसमोर बसून. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर हे रुद्रवीणेचे थोर वादक. पनवेलजवळ पळस्पे इथे त्यांनी गुरुकुल उभारलं. मंद्रातला आलाप हवा तसा दीर्घ आणि खोल वाजावा म्हणून त्यांनी वीणेचे तुंबे मोठे केले आणि तारा जाड घेतल्या. तीनशे वर्षांपूर्वी बोलोन्यात कारागीर ज्या प्रश्नाशी झगडले, तोच हा प्रश्न. नॅन्सी लेश ही अमेरिकी चेलोवादक डागरांकडे शिकली. नॅन्सी कुलकर्णी या नावानेही ती ओळखली जाते. जमिनीवर बसून, चेलो पुढ्यात घेऊन ती ध्रुपद वाजवते. खर्जातला एकेक स्वर उलगडत नेणारा संथ आलाप या वाद्याच्या छातीत असा काही भरतो, की ते त्यासाठीच घडवलं असावं असं वाटतं.

नेदरलँड्सच्या सास्किया राव-डी हास यांनी वाद्यच बदललं. रॉटरडॅमला पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्याकडे शिकलेल्या सास्कियांना भारतात डॉ. सुमती मुटाटकर आणि पं. डी. के. दातार यांचंही मार्गदर्शन मिळालं. त्यांच्यासाठी डच कारागीर एडुआर्ड व्हान टोंगेरेन याने आकाराने लहान ‘भारतीय चेलो’ घडवला. त्याला वाजवायच्या पाच तारा आणि खाली दहा तरफा. पाचवी तार आल्याने मींड आणि तान एका जागी घेता येतात, तरफांमुळे सूर सुटल्यावरही रेंगाळतो, आणि खुर्ची लागत नाही.

नव्या रचनाकारांपुढे आज हा सगळा साठा खुला आहे. युगांडात जन्मलेले आणि अमेरिकेत नाव कमावलेले शिरीष कोर्डे चेलोला तबल्यासमोर बसवतात. त्यांच्या अशा एका रचनेचं नाव ‘ललित’. मॅट हायमोविट्झ या चेलोवादकाने 2016मध्ये बाखच्या प्रत्येक स्वीटआधी वाजवायला एकेका समकालीन रचनाकाराची नवी रचना घेतली. तिसऱ्या स्वीटचं दार उघडलं ते तमिळ आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या विजय अय्यरच्या ‘रन’ने.

अशा मैफलीत एक क्षण कार्यक्रमपत्रिकेत छापलेला नसतो. बाखचा पाचवा स्वीट सुरू करण्याआधी चेलोवादक सर्वांत वरची तार एक स्वर खाली उतरवतो. बाखची तशी स्पष्ट सूचना आहे. एरवी षड्ज, पंचम, रिषभ, धैवत अशा पाच-पाच स्वरांच्या अंतराने लावलेल्या तारा आता षड्ज, पंचम, रिषभ आणि पुन्हा पंचम अशा होतात. दोन पंचम एकमेकांना झंकार देऊ लागतात आणि वाद्याचा रंगच गडद होतो. बरोक पद्धतीने वाजवणारा असेल, तर तारा तातीच्या असतात, सळई नसते आणि चेलो पोटऱ्यांमध्ये धरलेला असतो. तो खुंटी पिळतो, कान तारेजवळ नेतो, पुन्हा पिळतो. शेजारी तबलजी पुढच्या रचनेसाठी हातोडीने गजऱ्यावर हलकेच ठोकून पाहत असतो. तानपुऱ्याची जवारी कुणीतरी जुळवत असतं. सभागृहात कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी खोकतही नाही. षड्ज लागेपर्यंत सगळे थांबलेले असतात.